सम नसलेली बैठक

पहिल्या शुक्रवारी मी पेटी उघडली, भात्याची कडी सोडली आणि सवयीनं विचारलं, "पट्टी कुठली धरायची?"

गोलात चौदा जण बसले होते. कुणीच उत्तर दिलं नाही. शेजारी चेलो घेऊन बसलेली मुलगी हसली, पण त्या हसण्यात चेष्टा नव्हती. मुक्त, उत्स्फूर्त वादनाचा हा वर्ग घेणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांच्यापुढे एक मोठी झांज, दोन-तीन धातूचे वाडगे आणि आडवा ठेवलेला एक ढोल. त्या म्हणाल्या, "पट्टी ठरलेली नाही. तू आधी ऐक. वाजवावंसं वाटलं की वाजव."

दक्षिण लंडनमधल्या एका जुन्या चर्चच्या मागचा तो हॉल. लाकडी जमीन, उंच खिडक्या, कोपऱ्यात चहाची किटली. ईस्ट हॅमहून गाड्या बदलत, बारा किलोची पेटी सांभाळत मी तिथे पोचले होते. त्या संध्याकाळी तीन तासांत मी फार तर दहा मिनिटं वाजवलं असेल, आणि त्यातलं बहुतेक चुकलं. बेसूर झालं असं नाही. नेमकं काय चुकत होतं ते कळायला मला पुढचे चार महिने लागले, आणि हे लिहायला बसले तेही त्यासाठीच.

मी मिरजेची. वडील नोकरी सांभाळून कीर्तनात, भजनात, कधी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात पेटीची साथ करायचे. मी त्यांच्याकडेच शिकले. त्यांची शिकवण अशी की गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे राहायचं. तान कुठे निघाली आहे ते आधी ओळखायचं, पण तिच्या पुढे धावायचं नाही. गाणारा श्वासासाठी थांबला की त्यानं सोडलेला स्वर धरून ठेवायचा, मधे भोक पडू द्यायचं नाही. तबल्याचं एकल वादन असेल तर लेहरा, म्हणजे तालाभर फिरणारी एकच धून, धरायचा आणि पाऊण तास त्याच ओळीवर घट्ट बसायचं. वीसेक वर्षं मी हे केलं. नोकरीसाठी लंडनला आल्यावरही केलं. इथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. तिथल्या गणपतीत पेटीला बसणाऱ्यांची गरज नेहमीच असते. साथ हे कान तयार करणारं शिक्षण आहे, मला त्याचा अभिमान आहे. तरी याच शिक्षणाचा एक भाग शुक्रवारच्या गोलात आडवा आला.

तिथे जायचं कारण म्हणजे कॅफे ओटो. डाल्स्टनमध्ये ॲश्विन स्ट्रीटवर २००८ साली सुरू झालेली ही जागा. जपानीत 'ओटो' म्हणजे ध्वनी. दिवसा कॉफी, रात्री वादन. आसपास तुर्की भट्ट्यांचा धूर, जवळच रिडली रोडचा बाजार. ऑफिसातला एक सहकारी मला तिथे घेऊन गेला. जमिनीवर उंचवटा सुद्धा नाही, वादक आणि ऐकणारे एकाच पातळीवर. तिघं वाजवत होते. एकानं व्हायोलिनच्या गजानं झांजेची कड हळूहळू घासायला घेतली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज मला लहानपणापासून ठाऊक होता.

मिरजेत सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना तो रोज कानावर पडायचा. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासताना, कारागीर काणस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा काणस फिरवतो. एकच स्वर, शंभर वेळा. त्यात राग नसतो, ताल नसतो. तो माणूस तारेतून उमटणारं आणखी काहीतरी शोधत असतो आणि ते सापडेपर्यंत उठत नाही. आम्ही मुलं पायरीवर बसून ते ऐकायचो. गाणं सुरू होण्याआधीची तयारी म्हणून कुणी त्याला संगीत म्हणायचं नाही. डाल्स्टनच्या त्या खोलीत चाळीस माणसं तसलाच आवाज श्वास रोखून ऐकत होती. चाळीस मिनिटांत एकदाही ठेका आला नाही, एकदाही ओळखीची धून आली नाही, आणि मला एकदाही घड्याळ पाहावंसं वाटलं नाही.

घरी येऊन वाचत सुटले. हे प्रकरण लंडनमध्ये साठ वर्षं जुनं आहे. १९६५ साली काही तरुण जॅझ वादकांनी रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आठवड्याला एकदा जमायला सुरुवात केली. गिटारवादक कीथ रो, सॅक्सोफोनवादक लू गेअर, तबलजीच्या जागी म्हणावा असा ड्रमवादक एडी प्रेव्होस्ट. अमेरिकन जॅझची नक्कल आपण किती दिवस करायची, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी धून सोडली, ताल सोडला, एकामागून एकानं एकल वाजवण्याची पद्धतही सोडली. या गटाचं नाव एएमएम. कीथ रो यांनी गिटार मांडीवरून काढून टेबलावर आडवी ठेवली. जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंग टाकायचा, ते चित्र त्यांच्या मनात होतं. गिटार आडवी झाली आणि जुनी बोटं निरुपयोगी झाली. मग ते तिच्यावर धातूच्या वस्तू फिरवू लागले, शेजारी रेडिओ लावू लागले. पुढच्या वर्षी कॉर्नेलियस कार्ड्यू हे संगीतकार गटात आले. ते आधी जर्मनीत स्टॉकहाउझन या संगीतकाराचे सहायक होते, म्हणजे स्वरलिपीत मुरलेला माणूस, आणि तो स्वरलिपी नसलेल्या गटात येऊन बसला. नंतर जॉन टिलबरी यांचा पियानो आला. एकेक स्वर इतका जपून ठेवणारा पियानो मी दुसरा ऐकलेला नाही.

त्याच सुमारास, १९६६ पासून, जॉन स्टीव्हन्स हे ड्रमवादक लिटल थिएटर क्लबमध्ये आपला गट घेऊन बसायचे. त्यांनी कुणालाही, अगदी कधीच वाद्य न धरलेल्याला, शिकवता येतील असे पाठ तयार केले. आणि प्रेव्होस्ट यांनी १९९९ साली लंडनमध्ये दर आठवड्याला भरणारा खुला वर्ग सुरू केला. तिथून निघालेली माणसं आज जगभर वाजवतात. मी जात होते तो वर्ग त्याच धाटणीचा, लहानसा. वाद्य कुठलंही चालतं, परीक्षा नाही, दाराशी थोडे पैसे ठेवायचे.

आता पाठांविषयी सांगते, कारण माझ्यात खरा फरक तिथेच पडला.

पहिला पाठ लांब स्वराचा. प्रत्येकानं एका श्वासाला पुरेल एवढा एक स्वर लावायचा, संपला की श्वास घ्यायचा, पुन्हा लावायचा. सगळ्यांचे श्वास वेगवेगळ्या लांबीचे, त्यामुळे गोलात लाटा उठतात. बासरीवाल्याला, सॅक्सोफोनवाल्याला हे सोपं. माझ्या पेटीला श्वासच नाही. भाता मारत राहिलं तर स्वर रात्रभर चालेल, आणि मी तसाच चालू ठेवला. बाई माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या वाद्याला फुप्फुस आहे. एकदा भरू दे, पूर्ण रिकामं होऊ दे, मग थांब." मी भाता एकदाच ओढला आणि हात काढून घेतला. हवा कमी होत गेली तसा स्वर किंचित खचला, थरथरला, आणि पितळेची जीभ थांबायच्या आधी नुसती हवेची फुंकर उरली. पेटीचं असं मरण मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. साथीत ते ऐकू येऊच द्यायचं नसतं. भाता रिकामा होऊ देणं हा तिथे दोष.

दुसरा पाठ त्याच्या उलट, शक्य तितका आखूड आवाज. टिच. पेटीची पट्टी कितीही चटकन सोडली तरी रीड बोलायला क्षण लागतोच, खर्जाच्या रीडला तर जास्तच. मी झटत होते आणि दर वेळी 'पों' असा शेपटीवाला आवाज येत होता. शेवटी चुकून भाता न भरताच पट्टी दाबली गेली. लाकडाची टिकटिक फक्त. पेटीतला सगळ्यात आखूड आवाज तोच, आणि त्यात स्वरच नव्हता! चौदा जणांच्या टिचक्यांच्या पावसात माझी ती टिकटिक बसली तेव्हा मला फार आनंद झाला.

त्यानंतर घरी मी पेटी नव्यानं शिकायला बसले. वरची फळी काढली. रीडकडे हवा सोडणारी खुंटी पूर्ण ओढण्याऐवजी केसभर उघडली की आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखा येतो. पट्टी अगदी सावकाश दाबली की स्वर आधी कण्हतो, मग उभा राहतो. नर आणि खर्जाची एकेक रीड मी मुद्दाम किंचित उतरवून घेतली. जवळपास एकाच स्वराच्या दोन रीडमध्ये सेकंदाला दोन कंपनांचा फरक असला की सेकंदाला दोन आंदोलनं ऐकू येतात, आणि एका स्वराच्या पोटात लय फिरायला लागते. भात्याच्या घडीवर नख ओढलं की कापडाचा आवाज. सगळ्या खुंट्या बंद करून भाता मारला की नुसता वारा. हे सगळं त्या पेटीत पहिल्यापासून होतं. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली ती तीस वर्षं टिकली, कारण तिच्यात मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं नाहीत, स्वर ठोकळेबाज. त्या आरोपाची सल आम्हा पेटीवाल्यांच्या घरात अजून आहे. हवा कमी करून स्वर खचवताना मला कितीदा वाटलं की हे त्या वेळी कुणी ऐकायला हवं होतं.

वाद्य उलगडत गेलं, पण वाजवण्यातली अडचण तशीच राहिली. ती समजली चौथ्या महिन्यात, आम्ही दोघा-दोघांनी वाजवत होतो तेव्हा. मी आणि चेलोवाली. तिनं गज तारेवर दाबून एक खरखरीत, खोल स्वर काढला. मी लगेच तो स्वर पकडला. ती वर सरकली, मीही वर. तिनं झटका दिला, मी झटका दिला. ती थांबली, मी तिचा स्वर धरून ठेवला. पाच मिनिटांनी तिनं गज खाली ठेवला आणि म्हणाली, "तू माझं सगळं ऐकतेस. पण मला तुझं काहीच ऐकू येत नाही. आणि मी थांबते तेव्हा मला थांबताच येत नाही, कारण तू मला चालू ठेवतेस."

तिच्या शब्दांत राग नव्हता, ती विचार करत बोलत होती. मला मात्र बसमध्ये रडू आलं. मी माझ्या परीनं तिला सर्वोत्तम साथ दिली होती. आमच्याकडे सवाल-जवाबात तबल्यानं सतारीचा तुकडा हुबेहूब उचलला की टाळ्या पडतात. इथे तीच गोष्ट सर्वांत दुबळी समजतात: तुम्ही जे वाजवलं ते मी परत वाजवलं, म्हणजे मी काहीच आणलं नाही. आणि पोकळी भरणं तर त्याहून वाईट, कारण तिनं मुद्दाम सोडलेली शांतता मी खाऊन टाकत होते.

'ऐकणं' आणि 'मागे जाणं' या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं. माझ्या हातात त्या एकत्र शिवलेल्या होत्या. टाका उसवायला बाईंनी मला एक काम दिलं. पुढचे तीन शुक्रवार मी प्रत्येक वादनात फक्त तीन आवाज करायचे, जास्त नाही. कुठले आणि कधी ते मी ठरवायचं. वीस मिनिटांचं वादन असेल तर तीन. पहिल्यांदा मी तिन्ही आवाज चार मिनिटांत संपवले आणि सोळा मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले. त्या सोळा मिनिटांत जे ऐकलं ते आजवर ऐकलं नव्हतं. हात चालू नसला की कान दुसऱ्याच्या पुढच्या स्वरावर टपून बसत नाही. खोली ऐकू येते, हीटरची नळी ऐकू येते, दोन वाद्यांमधलं अंतर ऐकू येतं. तिसऱ्या शुक्रवारी मी अठरा मिनिटं काहीच वाजवलं नाही आणि मग एकच मंद्र षड्ज सोडला. तो कुणाच्याच मागे नव्हता. सॅक्सोफोनवाल्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

नातेवाईक विचारतात, मग काय, कुणीही काहीही वाजवायचं का? नाही. ख्यालात राग तुम्हाला सांगतो कुठे जाऊ नको, ताल सांगतो कधी परत ये. इथे ते सांगणारं कुणी नाही, म्हणून प्रत्येक आवाजाची जबाबदारी वाजवणाऱ्यावर येते. काहीही वाजवलं तर ते काहीहीच वाटतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते कळतं. उपज, म्हणजे ऐन वेळी सुचलेलं, आपल्याकडेही आहे, तीच आपल्या गाण्याचा प्राण आहे. डेरेक बेली या गिटारवादकानं १९८० साली उत्स्फूर्त वादनावर पुस्तक लिहिलं त्यात भारतीय संगीतावर स्वतंत्र लिहिलं आहे. त्यानं फरक केला तो शैलीच्या आतली उत्स्फूर्तता आणि शैलीबाहेरची उत्स्फूर्तता असा. मला स्वतःला तो फरक इतका स्वच्छ वाटत नाही. माझ्या बोटांत मारवा आहे, तो कुठे जाणार? कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत जवळजवळ आले की माझा कान षड्जाची वाट पाहायला लागतो. सुरुवातीला मी हे लपवत होते. आता येतं तेव्हा येऊ देते. मात्र त्याच्यामागे रागाचं घर बांधत बसत नाही.

पहिला जाहीर कार्यक्रम सहाव्या महिन्यात झाला, शोरडिचच्या बाजूला एका तळघरात. आम्ही चौघं: चेलो, सॅक्सोफोन, मी आणि एक मुलगा, जो जुन्या कॅसेट प्लेअरचा वेग हातानं कमी-जास्त करायचा. एकोणीस ऐकणारे. तो कार्यक्रम बिघडला आणि कुठे बिघडला ते मी नेमकं सांगू शकते. आठव्या-नवव्या मिनिटाला चौघंही एकदम थांबलो. सुंदर शांतता होती, वरच्या रस्त्यावरून बस गेली तिचा गडगडाट त्यात मिसळला. आणि मी घाबरले. पैसे देऊन आलेली माणसं समोर, आणि मंचावर काहीच चाललेलं नाही! माझा डावा हात आपोआप भात्यावर गेला आणि मी पंचम धरला, भरदार, दोन्ही खुंट्या उघड्या. पुढची वीस मिनिटं सगळं त्या पंचमावर बसून राहिलं. चेलोवालीनं दोनदा बाजूला जायचा प्रयत्न केला, पण अखंड आधारस्वर एकदा आला की त्याच्यावर पडणारा प्रत्येक आवाज त्याच्या नात्यातच ऐकू येतो. नंतर एका गृहस्थानं येऊन प्रेमानं सांगितलं की भारतीय रंग छान होता, ध्यान लागलं. मला ते लागलं, वेगळ्या अर्थानं.

त्या रात्री आम्ही बोललो नाही. तशी पद्धत आहे. वाजवून झाल्यावर लगेच चिरफाड करायची नाही. रेकॉर्डिंग दहा दिवसांनी चेलोवालीच्या स्वयंपाकघरात ऐकलं. त्या क्षणापाशी ती थांबली, मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. "बस किती छान आहे," एवढंच म्हणाली. माझा पंचम येण्याआधी ती बस सात सेकंद ऐकू येते. मी मोजले.

दुसरा कार्यक्रम दोन महिन्यांनी, एका चित्रदालनात. या वेळी मी तयारी केली म्हणजे उलट गोष्टी केल्या. डाव्या हाताला भात्यापासून दूर, मांडीखाली ठेवायची सवय लावली. पेटी समोरासमोर न ठेवता चेलोच्या तिरकस ठेवली, म्हणजे तिचा गज दिसणार नाही. गज दिसला की कुठे निघाली ते डोळ्यांना आधीच कळतं आणि मी मागे निघते. मायक्रोफोन नको म्हणून सांगितलं. लंडनच्या हिवाळ्यात हीटरनं पेटीचं लाकूड सुकतं, पट्ट्या खडखडतात. ते दुरुस्त न करता तसंच नेलं.

सुरुवात मी केली नाही. कॅसेटवाल्यानं फितीची नुसती खरखर सोडली, फार बारीक. दालनात बावीस-तेवीस माणसं, कुणीतरी कोट काढत होतं त्याची चेन वाजली. चेलो आली, लाकडानं तारेवर टकटक. मी खुंट्या बंद ठेवून भाता एकदा ओढला. वारा. सॅक्सोफोनवाल्यानंही फक्त हवा सोडली, पण माझ्यासारखी नाही, तोंडातून फुटणारी, तुटक. मला लगेच त्याच्यासारखं तुटक करावंसं वाटलं. ते वाटणं मी पाहिलं आणि जाऊ दिलं. पुढे बराच वेळ मी पट्ट्यांच्या खडखडाटावर होते, हवेशिवाय. मग चेलो एका पातळ, वरच्या स्वरावर जाऊन राहिली. तिला आधार द्यावा असा तो स्वर होता. माझ्या सगळ्या शिक्षणानं मला सांगितलं, दे. मी तिच्या स्वराशी न जमणारा एक खर्ज केसभर उघडला, ती उतरवलेली रीड असलेला. दोन स्वर एकमेकांशेजारी नुसते उभे राहिले. ती हलली नाही, मी हलले नाही. खोलीत काहीतरी ताणलं गेलं. मी कुणाची साथ करत नव्हते आणि कुणाला सोडूनही गेले नव्हते. किती वेळ ते चाललं मला तेव्हा कळलं नाही. रेकॉर्डिंगवर चार मिनिटं आहे.

शेवटाबद्दल लिहायला हवं, कारण मला सर्वांत जास्त भीती त्याची होती. आपल्याकडे तिहाई येते, म्हणजे तोच तुकडा तीनदा, मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा येते, सगळ्यांना एकदम कळतं. इथे सम नाही, मग संपलं हे कोण ठरवणार? बाई म्हणायच्या, शेवट आणायचा नसतो, ओळखायचा असतो, आणि मला ते शब्द पोकळ वाटायचे. त्या दिवशी बत्तिसाव्या मिनिटाच्या आसपास फीत संपली आणि प्लेअरचं बटण खट्कन वर आलं. ते कुणी ठरवलं नव्हतं. माझ्या भात्यात थोडी हवा उरली होती. मी हात लावला नाही. ती आपोआप निघून गेली, खर्ज खचत खचत फुंकर झाला. चेलोचा गज तारेवर होता, ती तो ओढू शकली असती. नाही ओढला. मग शांतता. मला पंचम आठवला, डावा हात मांडीखाली घट्ट होता. बाहेरून कुणाच्या तरी चाव्यांचा आवाज आला. सॅक्सोफोनवाल्यानं वाद्य ओठांपासून दूर केलं नव्हतं, म्हणजे अजून काही येऊ शकत होतं, आणि ऐकणाऱ्यांनाही ते दिसत होतं. कुणी टाळी वाजवली नाही. खूप वेळानं त्यानं खांदे सोडले. तेव्हा संपलं.

दाराशी जमलेले पैसे चौघांत वाटले, प्रत्येकी तेवीस पौंड. पेटी घेऊन परत जायला टॅक्सी केली त्यात बरेचसे गेले.

रेकॉर्डिंग मिरजेला पाठवलं तेव्हा धाकधूक होती. बाबांनी आठवडाभर काही कळवलं नाही. मग फोन आला.

"दोनदा ऐकलं," ते म्हणाले. "पहिल्यांदा मला वाटलं फोनच बिघडलाय. आईनं मिक्सर लावला होता, तो कुठला आणि तुमचा आवाज कुठला कळेना. मग रात्री ऐकलं."

"कसं वाटलं, बाबा?"

"साथ कोण कुणाची करतंय ते शोधत होतो. नाही सापडलं." थोडं थांबून म्हणाले, "तो खर्ज उतरलाय ना गं? जुळवून घे की."

"मुद्दाम उतरवलाय, बाबा."

"अस्सं," म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले. फोनवर एरवी ते असे थांबत नाहीत. मीही काही भरलं नाही.

परवा त्यांच्याकडून एक ध्वनिमुद्रण आलं. सोबत एकही शब्द नाही. संध्याकाळी फिरायला जाताना सतारमेकर गल्लीत एका ओळखीच्या कारागिराच्या दुकानाबाहेर उभं राहून त्यांनी फोन धरला होता. अकरा मिनिटं. काणस, तार, काणस, तार, मधेच एक मोटारसायकल, अजान, पुन्हा काणस. नवव्या मिनिटाला जवारी उघडते आणि तार एकदम गायला लागते. त्यानंतर कारागीर एकदाच छेडतो आणि थांबतो. बाबांनी लगेच बंद केलेलं नाही; पुढची दोन मिनिटं नुसती गल्ली आहे.

या शुक्रवारी मी ते गोलात ऐकवणार आहे. त्यावर काही वाजवायचं नाही, असं आधीच सांगून ठेवलंय.